खांबेटे डॉक्टरांच्या हातचा हार

हार अर्धा सोडून झाला होता.

नीलाताई डायनिंग टेबलाच्या कडेला बसून नवऱ्याने बांधलेल्या गाठी नखाने उकलत होत्या आणि तीच शेवंती, तोच दोरा घेऊन पुन्हा बांधत होत्या. पूजा व्हायची होती, समईत तेल घातलं नव्हतं, कुकर लावायचा तसाच राहिला होता. रोज सकाळी डॉक्टर देवाचा हार करत आणि ते आंघोळीला गेले की नीलाताई तो सोडून परत करत. आज डॉक्टर आंघोळीला जाणार नव्हते. पलंगावर उशांना टेकून, दोऱ्याचं एक टोक पलंगाच्या दांडीला बांधून त्यांनी कशीबशी मूठभर फुलं अडकवली होती आणि धाप लागल्यावर ताटली बाजूला सारली होती. गाठी इतक्या सैल, की फूल उचलावं तर दोरा मागे राही.

आतून खोकला आला. ओला, खोल, शेवटाला कण्हणारा. नीलाताई लग्न होऊन आल्या तेव्हापासून या खोकल्याबद्दल ऐकत आल्या होत्या. तो कधी आपल्याच घरातून ऐकू येईल असं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

फोन वाजला. ठाण्याहून लेक ऋजुता.

"आई, हो म्हणाले का बाबा?"

"नाही."

"मग तू काय करतेयस?"

"हार करतेय."

"आई! छातीत पू झालाय त्यांच्या. सुईनं निघत नाहीये, घट्ट झालाय. हॉस्पिटलातून हट्टानं घरी येऊन बसलेत. आज-उद्यात ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, तुला कळतंय ना?"

"मला नको शिकवूस गं. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हेच ऐकतेय."

"मग इथं ठाण्याला आण त्यांना."

"तिथं ऑपरेशन कोण करणार?"

ठाण्याला सर्वेशच येणार होता. कल्याणला गेलं तरी सर्वेश, शहाडला गेलं तरी सर्वेश. या पट्ट्यात छाती उघडायची म्हटलं की आता डॉक्टर सर्वेश मढवीचंच नाव निघे. आणि सर्वेशचा हात आपल्या अंगाला लागू द्यायचा नाही, हे डॉक्टर हरिहर खांबेट्यांनी ठरवून टाकलं होतं. मुंबईचं नाव काढलं तर ते जास्तच चवताळले होते. "मुंबईला नेता नेता पेशंट वाटेत जातात म्हणून मी इथं आलो. आता म्हातारपणी मीच मुंबईला जाऊ?"

तेही खरंच होतं. ते डोंबिवलीत आले तेव्हा छातीचा सर्जन म्हणजे काय हे इथं कुणाला सांगूनही कळत नसे. पाटी बघून लोक साध्या खोकल्याचं औषध मागायला येत. शेजारचे जोशी तर नीलाताईंना म्हणाले होते, "वहिनी, मिस्टरांना म्हणावं, सर्दी-पडशाचंही ठेवा थोडं. नुसत्या छातीवर संसार कसा चालायचा?" छातीत पू झालेला, फुप्फुस खाली बसलेला माणूस मुंबईला पाठवायचा, आणि तो पोचला तर पोचला, अशी रीत होती. ठाकुर्लीच्या बाजूला एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. तिथं बाळंतपणं व्हायची आणि हर्निया व्हायचे. त्या ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरांनी या भागातली पहिली छाती उघडली. ती भिवा मढवीची.

भिवा मानपाड्याकडच्या गावातला. शेतं कारखान्यांत गेली आणि भिवाही मागोमाग कारखान्यात गेला, रंगाच्या. त्याच्या रुमालावर थुंकी गुलाबी पडायची. बायकोनं आणि भावांनी त्याला खुर्चीत बसवून उचलून आणला. डॉक्टरांनी सगळं समजावलं, मुंबईचंही सांगितलं. भिवा धापा टाकत म्हणाला, "डाक्टर, काय करायचा तं हितंच करा. मना मुंबय नको."

भूल द्यायला ठाण्याहून एक डॉक्टर आले होते. ऑपरेशन ऐन भरात असताना वीज गेली. मेट्रनबाईंनी बॅटरीचा दिवा धरला, आणि तो थरथरायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. माझ्या बोटांना दिसतंय." हे वाक्य पुढे सगळ्या हॉस्पिटलाच्या तोंडी झालं. नव्या नर्सला पहिल्या दिवशी ते सांगितलं जाई. भिवा जगला. त्याच्या फुप्फुसावर चढलेली जाड साल डॉक्टरांनी तासन्‌तास सोलून काढली होती आणि बसलेलं फुप्फुस त्यांच्या डोळ्यांदेखत फुगलं होतं. घरी येऊन नीलाताईंना सांगताना ते जेवायचं विसरले.

मग रांग लागली. शहाडचे, कल्याणचे, पार मुरबाडकडचे. डॉक्टर पहाटे जात ते दिवेलागणीनंतर येत. घरच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा कितीतरी वर्षं त्या जोश्यांनी केली. ऋजुता शाळेत कितवीला आहे हे विचारलं तर डॉक्टर नीलाताईंकडे बघत. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या छातीला आवळून बांधायला पट्टा लागे. तो तेव्हा इथं मिळत नसे, म्हणून नीलाताई आपल्या सुती साड्या फाडून मशीनवर पट्टे शिवत. कुणाच्या छातीवर आपली कुठली साडी गेली हे त्यांना आठवत असे. भिवाच्या छातीवर त्यांची हिरव्या काठांची गेली होती.

आणि रोज सकाळी हार. डॉक्टर देव मानत नसत. पण कामाला जाण्याआधी बोटं मोकळी व्हायला हवीत म्हणून ते दोरा खुर्चीच्या हाताला बांधत आणि एका हातानं गाठी मारत, एक दिवस उजव्या, एक दिवस डाव्या. असल्याच गाठी ते ऑपरेशनमध्ये छातीच्या आत मारत. पहिल्यांदा खुर्चीला नुसताच दोरा गुंडाळलेला बघून नीलाताई म्हणाल्या होत्या, "गाठी मारायच्याच आहेत, तर फुलांना मारा."

"देवासाठी नाही हं. हातासाठी."

"कशासाठी का असेना. पोचतो."

तेव्हापासून देवाला हार मिळाला तो खांबेटे डॉक्टरांच्या हातचा. निर्माल्य उचलताना दुसऱ्या दिवशीसुद्धा त्याची एक गाठ सुटलेली नसे. नीलाताई रोज हात जोडून एकच मागणं मागत. यांच्या हातून कुणाचं वाईट होऊ नये. डॉक्टरांनीच एकदा जेवताना सांगितलं होतं, की फुप्फुसाच्या मोठ्या शिरेवरची गाठ सुटली तर माणसाला पाणी मागायलाही सवड मिळत नाही. त्या दिवसापासून हे मागणं.

सर्वेश हा भिवाचा मुलगा. बापाच्या छातीवरचा वण बघत मोठा झाला, डॉक्टर झाला आणि हात शिकायला खांबेट्यांकडेच आला. याच टेबलावर डॉक्टरांनी त्याला मोसंबी सोलायला शिकवली होती. वरची साल नव्हे, आतली पांढरी. फोडीला ओरखडा न लावता. रस सांडला की डॉक्टर म्हणत, "मेला तुझा पेशंट. दुसरी घे." मेलेल्या पेशंटांचा रस काढून नीलाताई दोघांना देत. सर्वेश हसून म्हणे, "काकू, माझ्यामुळे तुमच्याकडे रसवंती चालू झालीय." मूल होऊन घरात वावरला तो. ऋजुतापेक्षा जास्त वेळ डॉक्टर त्याच्याशी बोलले असतील.

आठ वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर देवघरात सुटी फुलं दिसायला लागली. आधी एखाद-दुसरं. दोरा वाईट आलाय म्हणून नीलाताईंनी दुकान बदललं. मग एकदा देवाच्या गळ्यातून अख्खा हारच उसवत खाली आला. त्यांनी चष्मा लावून गाठी बघितल्या. फेरा पडला होता, पण आवळलाच नव्हता. त्या दिवसापासून हार सोडून परत बांधायचं सुरू झालं.

एकदा त्या बोलल्या. "अहो, तुमच्या गाठी सुटतायत."

"फुलं ओली होती."

"रोजच ओली असतात."

डॉक्टरांनी ताट पुढे सरकवलं आणि उठले. "माझ्या हाताचं मला कळतं. तू वाती वळ."

त्याच आठवड्यात शहाडच्या एका बाईचं ऑपरेशन होतं. फुप्फुसाचा एक भाग काढायचा होता. बाई तरुण, दोन मुलींची आई. तपासून घ्यायला घरी आली तेव्हा नीलाताईंनी तिची ओटी भरली होती. म्हणजे ती मोठी शीर, आणि तिच्यावर गाठ. नीलाताईंचा जीव थाऱ्यावर राहीना. त्या सकाळी त्यांनी हार सोडून बांधला नाही, डॉक्टरांच्या गाठींचाच देवाला घातला, आणि पूजेला बसल्यावर, माहेरी कोकणात त्यांची आजी करायची तसा, देवाला कौल लावला. सांगू का कुणाला? उजवं फूल दे. हात जोडून डोळे उघडायच्या आत देवाच्या उजव्या खांद्यावरची शेवंती टपकन खाली आली.

मग काय शंका उरली? तोच हार, डॉक्टरांच्या हातच्या गाठींचा, डब्यात घालून त्या ट्रस्टचे अध्यक्ष साईनाथराव यांच्या घरी गेल्या. डबा उघडून पुढे ठेवला. साईनाथरावांनी हार उचलला आणि अर्धी फुलं त्यांच्या सोफ्यावर सांडली.

"वहिनी, हे फार बरं केलंत."

"माझं नाव येऊ देऊ नका."

"छे छे. ते तुम्ही माझ्यावर सोडा."

त्यांनी कसं निभावलं ते पुढे कळलं. त्यांनी डॉक्टरांना बोलावून सांगितलं, की सत्तरीनंतर कुणी ऑपरेशन करू नये असा ट्रस्टने नियम केलाय, आणि "आमच्या तरुण डॉक्टरांचंही तसंच मत पडलं." तरुण डॉक्टर हॉस्पिटलात एकच होता. डॉक्टर घरी आले, बूट न काढता आत गेले आणि म्हणाले, "मढवीनं मला विकलं."

शहाडच्या बाईचं ऑपरेशन सर्वेशनं केलं. ती वाचली. नीलाताईंनी देवाला पेढे ठेवले आणि घरात तो प्रसाद कुणाला देता आला नाही म्हणून सगळा कामवाल्या बाईला दिला.

पहिल्या गुरुपौर्णिमेला सर्वेश नेहमीसारखा मोसंबीची पिशवी घेऊन आला. डॉक्टरांनी दार उघडलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि लावून घेतलं. चहाचा ट्रे हातात धरून नीलाताई मागेच उभ्या होत्या. बाहेरून आवाज आला, "सर, मी काय बोललेलोच नाही कुणाला." त्या तेव्हा बोलल्या असत्या तर दाराची एक कडी काढली की झालं असतं. त्यांनी ट्रे आत नेला आणि चहा बेसिनमध्ये ओतला. यांना कळलं की घर मोडेल, आज नको, उद्या; यांचा राग जरा निवला की. राग निवला नाही. डॉक्टरांनी दवाखानाही बंद केला. हार तेवढा चालू ठेवला. रोज सैल, आणि नीलाताई रोज घट्ट करत राहिल्या.

ऋजुताचा फोन ठेवला नाही तोच दुसरा वाजला. सर्वेश.

"काकू, रिपोर्ट बघितले मी. ऋजुतानं पाठवले. आज दुपारपर्यंत घेतलं पाहिजे आत. ठाकुर्लीलाच करू, सगळं तयार ठेवतो. सर हो म्हणाले का?"

"तुझं नाव काढलं की तोंड फिरवतात रे."

"फिरवणारच." मग त्याचा आवाज बदलला. "काकू, साईनाथकाकांनी मला मागेच सांगितलेलं. डब्याचं."

नीलाताईंच्या हातातली शेवंती टेबलावर पडली.

"माहीत होतं तुला? आणि बोलला नाहीस?"

"काय बोलू? काकूंनी केलं म्हणून सांगू? माझा बाप मरताना सरांना भेटायचं म्हणत होता. मी आणू शकलो नाही सरांना. तेव्हा बोलायला हवं होतं, तुम्ही. त्याच्या तेराव्याला तुम्ही गुपचूप येऊन गेलात, नारळ ठेवून गेलात. तेव्हा तरी."

"सर्वेश..."

"मला ऐकायचं नाही आता. आता तुम्ही सांगता की मी सांगू? माझं ऐकणार नाहीत ते. तुमचं ऐकतील. आणि लवकर."

फोन बंद झाला. नीलाताईंनी देवघराकडे बघितलं. कालचंच निर्माल्य अंगावर घेऊन देव बसले होते. मग त्या अर्धा हार ताटलीत घेऊन आत गेल्या.

डॉक्टर उशांना टेकून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते. एकाच बाजूची छाती वर-खाली होत होती.

"अहो, ऐकताय का?"

"कान शाबूत आहेत. छाती गेलीय."

"सर्वेशनं नाही सांगितलं साईनाथरावांना. मी सांगितलं."

डॉक्टरांनी डोळे उघडले. "काय सांगितलंस?"

"तुमच्या गाठी सुटतात म्हणून. हार डब्यात घालून नेला होता. त्यांना दाखवला."

"हार." डॉक्टर हसले, आणि हसता हसता खोकत राहिले. नीलाताईंनी पाठीवर हात ठेवला तो त्यांनी झटकला. "सर्जनचा हात तू हारावरून ठरवलास?"

"तुम्हीच म्हणायचात ना, हातासाठी करतो म्हणून! त्या शहाडच्या बाईला काही झालं असतं तर? गाठ सुटेपर्यंत वाट बघायची होती का मी?"

"कुठली गाठ?" दोन-तीन श्वास घेऊन ते म्हणाले, "शेवटचं वर्षभर मी आत एकही गाठ मारली नाही, नीला."

"म्हणजे?"

"सर्वेश मारायचा. मी छाती उघडायचो, वाट दाखवायचो. कुठं सोलायचं, कुठं थांबायचं ते सांगायचो. शिरेशी आलं की मी हात मागे घ्यायचो आणि तो पुढे यायचा. नर्सलासुद्धा कळायचं नाही. त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक. म्हणून तर... दुसरं कोण सांगणार होतं?"

नीलाताई पलंगाच्या कडेला टेकल्या.

"अजून चार-पाच वर्षं शिकवलं असतं त्याला. डोकं चालत होतं माझं. तू मला घरी बसवलंस."

"मला सांगायचंत. एका शब्दानं सांगायचंत."

"तुला?" त्यांनी ताटलीतल्या अर्ध्या हाराकडे बोट केलं. ते बोट हलत होतं. "तू रोज माझ्या गाठी सोडून परत बांधतेस, ते मला दिसत नाही वाटतं? आठ वर्षं बघतोय. मला वाटायचं, बायको झाकतेय. कुणाला कळू देत नाहीये. एवढं एक माणूस माझ्या बाजूचं आहे."

रस्त्यावर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली.

"देवाला विचारून गेले होते मी," नीलाताई म्हणाल्या. "उजवं फूल पडलं."

"गाठ सैल होती म्हणून पडलं."

एवढी वर्षं पूजा करून हे एवढं साधं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"फोन लाव त्याला," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी लावून फोन डॉक्टरांच्या कानाशी धरला. पलीकडे सर्वेश "काकू, बोला" म्हणाला.

"मी बोलतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मोसंबी आठवते का रे?"

"आठवते, सर."

"खाली, छातीच्या पडद्यापाशी घाई करायची नाही. तिथं फाटतं."

"हो, सर."

"मग घे दुपारी." आणि फोन बाजूला करायची खूण केली. चुकलं, माफ कर, असलं काही नाही. नीलाताईंना वाटलं, फोन ठेवल्यावर तरी ते आपल्याकडे बघतील. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"ऋजुताला सांग, ॲम्ब्युलन्समध्ये तिनं बसावं माझ्याबरोबर."

"मी येते ना."

"तिनं बसावं." भिंतीकडेच बघत ते म्हणाले, "आणि उद्यापासून दोरा माझ्यासमोर आणू नकोस. हार बाजारातून आण."

नीलाताई बाहेर आल्या. ऋजुताला फोन केला. ती निघालीच होती. समईत तेल घातलं, वात लावली. हार पुढे बांधला नाही आणि डॉक्टरांच्या उरलेल्या गाठी सोडल्याही नाहीत. ताटलीत होती तशी फुलं देवाच्या पायाशी ओतली. हात जोडले. रोजचं मागणं ओठावर आलं, तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की आज छाती उघडणारे हात सर्वेशचे आहेत. मग कुणाच्या नावानं मागायचं ते त्यांना सुचेना, आणि त्या तशाच उठल्या.

फोनवर सर्वेशचा मेसेज येऊन पडला होता. रिपोर्टची फाइल, दोन चादरी, छातीचा पट्टा. एवढंच. शेवटी काकू वगैरे काही नव्हतं. त्यांनी मशीनवरचं झाकण उचललं. कपाटातून हिरव्या काठांची नव्हे, पण तसलीच एक जुनी साडी काढली, कडेला कात्री लावली. मग घड्याळाकडे बघितलं आणि साडी घडी करून परत ठेवली. शिवून होणार नव्हता. आता असले पट्टे कुठेही मिळत होते.

शेजारच्या जोशीवहिनींना यांच्यापाशी बसवून, पिशवी घेऊन त्या खाली उतरल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मोठ्या मापाचा छातीचा पट्टा आणायचा होता.